हॉट प्रेसमधली कॅसेट

आधी नोरामावशींचं नाव लिहितो. काम मी केलं असं सगळे म्हणतात, माझा बॉस डेक्लनही म्हणतो. पण त्या काचेबाहेर उभ्या राहिल्या नसत्या, तर मी एका बाईला तिची आई अर्धीमुर्धी परत दिली असती आणि काम झालं असं समजून पुढची कॅसेट लावली असती. आयर्लंडमधल्या कॉर्कच्या उत्तरेकडच्या चढावर जुन्या व्हिडिओ कॅसेटी डिजिटल करून द्यायचं आमचं दुकान आहे, त्याच्या वरच्या अंगाला मावशी राहतात. वय ऐंशीच्या घरात. जन्मापासून ऐकू येत नाही. मावशी हे मी ठरवलेलं. इथे सगळे त्यांना नुसतं नोरा म्हणतात, चार वर्षांचं पोरगंसुद्धा. मला ते जमत नाही.

आता झालं ते.

२०२० चा नोव्हेंबर. दुपार सरली नाही तोच दिवे लागलेले, खाली नदीवर धुकं. दुकानाच्या काचेबाहेर शीला उभी होती. (फोनवर पहिल्यांदा हे नाव ऐकलं तेव्हा मी मराठीतच बोलणार होतो. इथेही शीला असतात.) पन्नाशीची बाई, शाळेत शिकवणारी. गिऱ्हाइकाला आत घ्यायची तेव्हा बंदी होती, म्हणून आम्ही मॉनिटर खिडकीकडे तोंड करून ठेवला होता. लोक फुटपाथवरून बघायचे. आवाजासाठी एक छोटा स्पीकर दाराच्या टपालाच्या फटीतून बाहेर लोंबत सोडला होता. सगळ्या गल्लीला ऐकू जायचं. कुणाच्या लग्नातलं भाषण, कुणाच्या बारशाचं रडणं.

"साउंड बघा किती क्लिअर आलाय," डेक्लन दार किलकिलं करून म्हणाला. "तीस वर्षांच्या कॅसेटला एवढा साउंड म्हणजे ग्रँडच."

शीला मॉनिटरकडे बघत होती. मग तिने हात वर करून थांबा म्हटलं.

"साउंड नकोय मला. आईचे हात कुठे आहेत?"

डेक्लनने माझ्याकडे पाहिलं. मी मॉनिटरकडे पाहिलं.

"माझी आई बहिरी होती," शीला म्हणाली. "हातांनी बोलायची. तुम्ही वाजवताय ते आवाज सगळे आमचे आहेत. भावाचा, वडिलांचा, कुत्र्याचा. आमचे आवाज आम्हाला ठाऊक आहेत हो."

एप्रिलमध्ये तिची आई वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये वारली. भेटायला आत सोडत नव्हते. शेवटचे दिवस शीला बागेत उभं राहून खिडकीच्या काचेतून आईशी हातांनी बोलायची. आत सगळ्यांच्या तोंडावर मास्क, त्यामुळे आईला कुणाचे ओठ वाचता येत नव्हते. अंत्यविधीला मोजकीच माणसं. आता नाताळला भावंडं एकत्र जमू शकतील असं सरकार म्हणत होतं. त्या दिवशी तिला ही कॅसेट दाखवायची होती. घरात आई एवढा वेळ बोलते आहे अशी ही एकच.

"या कॅसेटीतल्या नाताळला मी लंडनला होते," ती म्हणाली. "आई धाकट्यांना काहीतरी सांगत होती. माझ्याबद्दल. भावाला एवढंच आठवतं. काय सांगत होती ते आठवत नाही."

ती गेल्यावर डेक्लन म्हणाला, "मॅडी, बघ बाबा काय होतं ते." मी महादेव. इथे मॅडी.

माझं शिक्षण नववी नापास. मिरजेत अण्णांच्या व्हिडिओ शूटिंगच्या दुकानात लागलो, लग्नं शूट केली, दोन व्हीसीआर जोडून मिक्सिंग केलं. मग सगळं मोबाइलवर आलं आणि ते दुकान गेलं. बायको सुनीता नर्स. तिला इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली, तिच्यामागून मी आलो. कॉर्कमध्ये आपली माणसं भेटतात ती डॉक्टर, आयटीवाली, औषध कंपनीतली, नाहीतर एमएस करून इथेच राहिलेली पोरं. पहिला प्रश्न असतो, "तुम्ही कशात आहात?" मी म्हणायचो, "मी सुनीताबरोबर आहे." खोटं नव्हतं ते. अशा वेळी डेक्लनने काचेवर पाटी लावली की जुना व्हीसीआर समजणारा माणूस पाहिजे. समजणारा, शिकलेला नव्हे. ती पाटी बघून मी पुलापर्यंत गेलो आणि परत आलो, दोनदा. तिसऱ्यांदा आत शिरलो. सुरुवातीला त्याला सर म्हणायचो. तो म्हणाला, "सर माझा बाप होता, आणि तोही नव्हता." त्या नोकरीला मी अजून हात जोडतो. जाईल की काय ही भीतीही तेव्हापासूनच आहे.

लॉकडाउनमध्ये लोकांनी माळे साफ करायला काढले आणि आमच्याकडे कॅसेटींचा पूर आला. दिवसभर मी अनोळखी घरांत वावरायचो. त्याच त्या फुलाफुलांच्या गालिच्यावर कागद फाडणारी पोरं, खुर्चीत पेंगणारे आजोबा, कुणीतरी कॅमेऱ्याकडे बघून जीभ काढतंय. संध्याकाळी घरी जाताना रस्त्यात एखादा टकलू माणूस दिसायचा आणि वाटायचं, अरे, हा सकाळी पांढऱ्या सॉक्समध्ये रडत होता. एकदा तर मी हसून मान हलवली. त्यानेही हलवली. इथे सगळेच हलवतात. सुनीता ड्यूटीवर, घर रिकामं, मग स्वप्नातही मला ते गालिचे दिसायचे. त्यावर माझी आई पाय दुमडून बसलेली आणि मागे नाताळचं झाड. असो.

शीलाच्या कॅसेटीत दोन दुखणी होती. टीव्हीवर जे ठिपके वळवळतात त्याला आपण मुंग्या म्हणतो; इथले लोक बर्फ म्हणतात. आडवा मुंग्यांचा पट्टा नेमका चित्राच्या मधोमध होता. आईचे हात त्याच्याआड. आणि चित्राचा वरचा भाग एका बाजूला ओढल्यासारखा वाकलेला. कपाळं, डोळे, कान तिरके वाहत गेलेले, उष्णतेने मेणबत्ती वाकावी तसे.

अण्णा म्हणायचे, "चित्र बिघडलं की आधी मशीनला शिव्या द्यायच्या, मग कॅसेटीला, सगळ्यात शेवटी नवरदेवाला." म्हणून मशीनपासून सुरुवात केली. व्हीसीआरच्या आत एक चकचकीत ड्रम गरगर फिरतो. त्यावर हेड असतात, नखाच्या टोकाएवढे. फितीवर लिहिलेलं तेच वाचतात. ते घाण झाले की मुंग्या येतात. स्पिरिट घेऊन पुसले. फरक नाही. दुसरी मशीन लावली. तोच पट्टा, तीच वाकडी कपाळं.

मग ट्रॅकिंग. प्रत्येक मशीनचं अक्षर थोडं वेगळं असतं. एकाने लिहिलेलं दुसऱ्याने वाचायचं तर ओळीवर बरोबर बोट ठेवावं लागतं. ते बोट सरकवायचं बटण म्हणजे ट्रॅकिंग. शीलाच्या वडिलांनी कॅमेरा कुणाकडून तरी मागून आणलेला, त्याचं अक्षर फारच तिरकं होतं. बटण पुरेना. शेवटी मशीन उघडली आणि फीत ज्या खांबांवरून वळते त्यातला एक खांब बारीक स्क्रूड्रायव्हरने केसभर फिरवला. मुंग्या खाली सरकल्या. आणखी केसभर. चित्राच्या तळाशी जाऊन बसल्या, मग गेल्याच.

आणि हात दिसले.

मला वाटलं होतं, बोलणारे हात म्हणजे भराभर हलणारे असतील. हे सावकाश होते. चिमटीतून रांगोळी सोडताना बाईचा हात जसा ठरलेल्या जागीच थांबतो, तसे. मला एक अक्षर कळत नव्हतं, तरी मी ते कितीतरी वेळ बघत बसलो.

"ग्रँड," डेक्लन मागून म्हणाला. "हात पाहिजे होते, हात आले. वरचं थोडं वाकडं राहू दे. बोलाव तिला."

शीला आली, पण एकटी नाही. बरोबर चाकांची पिशवी ओढत नोरामावशी. शीलाच्या आईची शाळेपासूनची मैत्रीण. मी त्यांना रोज चढ चढताना पाहायचो. त्यांना ऐकू येत नाही हे मला माहीत नव्हतं. मी मास्क लावला होता. मावशींनी काचेवर टकटक केली, माझ्या तोंडाकडे बोट दाखवलं आणि मास्क काढ अशी खूण केली. खरंच, मधे काच होती. कशाला हवा होता? काढला. त्या प्रसन्न हसल्या, जणू मी इतके दिवस घोंगडी पांघरून बसलो होतो.

टेप लावली. मावशी काचेला नाक लावून बघू लागल्या. मधेच हसल्या. शीलाला काहीतरी हातांनी सांगितलं, तीही हसली. मग पडद्यावरच्या आईने शीलाचं नाव घेतलं असावं, कारण शीला एकदम ताठ झाली. आईचा हात वर गेला. छातीवरून हनुवटीवर, हनुवटीवरून आणखी वर, आणि त्या वाकड्या भागात शिरून विरघळला. पुन्हा खाली आला तोवर बोलणं पुढे गेलं होतं.

मावशींनी माझ्याकडे बघून मान हलवली. नाही. मग काचेवर हा करून वाफ सोडली आणि त्यावर बोटाने लिहिलं. बाहेरून लिहिलेलं, म्हणून मला आतून उलटं. मला इंग्रजी सुलटं वाचायलाही तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे अडलं नाही. लिहिलं होतं: चेहरा.

शीला टपालाच्या फटीपाशी वाकली. "नुसते हात पुरत नाहीत. खूण कपाळाशी केली तर एक अर्थ, हनुवटीशी केली तर दुसरा. भुवया वर म्हणजे प्रश्न. वरचा भाग गेला की अर्धं वाक्य गेलं. सॉरी, तुम्ही खूप मेहनत घेतली आहे."

इथले लोक सॉरी फार म्हणतात. पण तिचं सॉरी ऐकून मी मुकाट्याने टेप थांबवली. डेक्लन बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडी, नाताळच्या ऑर्डरी पडल्यात बॉय. याहून जास्त होत नसेल तर तसं सांगून टाक." तो रागावला नव्हता. तेच जास्त वाईट.

चित्र वर का वाकतं, ते सांगतो. टीव्हीचं चित्र वहीत लिहिल्यासारखं वरून खाली, ओळीओळीने लिहिलं जातं. ड्रमवरचे हेड आळीपाळीने पान लिहितात. एकाचं पान संपून दुसऱ्याचं सुरू होताना फितीची लांबी जराही बदललेली असेल, तर नव्या पानाची पहिली ओळ चुकीच्या जागी सुरू होते. मग टीव्ही हळूहळू सावरतो. म्हणून वरचं वाकडं, खालचं सरळ. ते सरळ करणारी एक पेटी मिळते, आमच्याकडे आहे. ती मी लावली. पण वाकडेपणा इतका होता की पेटीनेच हात टेकले. थोडक्यात, फीत आखडली होती. का, ते कळत नव्हतं. माळ्यावरच्या कॅसेटींना बुरशी येते, पांढरी फुलं धरतात. ही तर पापडासारखी कोरडी, स्वच्छ.

दुसऱ्या दिवशी मावशी चढावरून जाताना मी काचेवर टकटक केलं, आणि लगेच स्वतःलाच हसलो. हात हलवला, त्यांनी पाहिलं. मी कॅसेट दाखवली, दोन्ही तळवे पसरले, इकडे तिकडे बोट दाखवलं: कुठे होती ही? अण्णांकडे लग्नाच्या कॅसेटी डांबरगोळ्या टाकून गोदरेजच्या कपाटात ठेवत, तसंच काहीतरी असणार. मावशींना पटकन कळलं. त्यांनी काचेवर वाफ सोडली आणि लिहिलं: हॉट प्रेस.

प्रेस म्हणजे इथे कपाट, ते मला माहीत होतं. हॉट प्रेसही माहीत होतं, चांगलंच. इथल्या घरांत गरम पाण्याची टाकी एका कपाटात बसवलेली असते, ते कपाट कायम उबदार. लोक त्यात टॉवेल, चादरी ठेवतात. आणि आपली माणसं त्यात दही लावतात. आयर्लंडच्या थंडीत दही लागत नाही म्हणून नव्याने आलेली मुलगी रडकुंडीला आली की जुनी बाई पहिला मंत्र हाच देते: हॉट प्रेसमध्ये ठेव, सकाळपर्यंत वडी पडेल. आमच्या घरी टाकीशेजारची जागा दह्याची, शनिवारी इडलीच्या पिठाची.

मावशींनी पुढे हातांनी जे सांगितलं ते मला खुणांची भाषा न येताही समजलं. बाहेर पाऊस, भिंती ओल्या. घरातली सगळ्यात कोरडी जागा हीच. म्हणून सगळ्यात लाडकी वस्तू टॉवेलांच्या मधे. वर थोपटल्यासारखं केलं.

आईने जीव लावून ठेवली होती ती कॅसेट. तीस वर्षं उबेत. त्याच उबेने फीत आखडली होती.

घरी येऊन मी रद्दीतली एक कॅसेट, कुठल्यातरी हर्लिंगच्या, म्हणजे इथल्या काठी-चेंडूच्या खेळाच्या मॅचची, टाकीवर ठेवली. दोन दिवसांनी सुनीताने विचारलं, "अहो, दह्याशेजारी हे काय लावलंय?"

"प्रॅक्टिसला आहे."

"विरजण काय घातलंत त्याला?"

आठवड्याभराने ती कॅसेट वाजवली. तीस वर्षांचं काम आठवड्यात होत नाही, पण खेळाडूंची डोकी थोडी तिरकी झालीच होती. मला एवढा आनंद झाला की मी एकटाच टाळ्या वाजवल्या. दुखणं ओळखलं होतं. उपाय अण्णांकडे असताना पाहिलेला: मे महिन्यात गाडीच्या टपावर उन्हात राहिलेल्या कॅसेटींना ते करायचे. रिळावर ब्रेकसारखा एक पट्टा असतो, तो फीत मागे ओढून धरतो. त्याचा स्क्रू घट्ट केला की फीत जास्त ताणली जाते आणि आखडलेली लांबी भरून निघते. किती घट्ट, ते बघत बघत. मी मॅचवर करून पाहिलं. डोकी सरळ झाली. आणखी बघावं म्हणून जरा पिळला, तर फीत तटकन तुटली.

हे शीलाला सांगणं भाग होतं. ती आणि मावशी काचेबाहेर, मी आत. माझं इंग्रजी अशा वेळी आणखी तुटकं होतं.

"ताण दिला तर चेहरा सरळ येईल. पण तुटू शकते. तुटली तर जोडता येते. त्या जागचं चित्र मात्र जातं."

"किती जातं?"

"डोळ्याची पापणी मिटेपर्यंत. एवढंच."

"आणि नेमकं तेवढंच हवं असेल तर?"

तिने मावशींना हातांनी सांगितलं. मावशींनी उत्तर दिलं, चांगलं लांबलचक, एक हात कमरेवर ठेवून. शीला हसली आणि डोळे पुसले.

"नोरा म्हणते, तुझ्या आईने आयुष्यात एकच गोष्ट जपून ठेवली आणि बघ तिचं काय झालं. बाकी चिनी मातीचे कपसुद्धा ती रोज वापरायची. म्हणते, लाव."

एव्हाना कॅसेटीला दुकानाच्या थंडीची सवय झालीच होती. मग सावकाश, पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळली, म्हणजे आतली घडी सैल होते. एका धुक्याच्या सकाळी लावली. बाहेर मावशी एकट्याच. शीला शाळेत होती. डेक्लन त्यांना बाहेर खुर्ची देऊन आला, वर छत्री धरून स्वतः उभा राहिला.

अडचण अशी होती, की फीत सगळीकडे सारखी आखडलेली नव्हती. मधे जास्त, कडेला कमी. म्हणजे ताण जागोजागी बदलायला हवा. आणि चित्र बरोबर आलं की नाही हे मला कळणार कसं? मला तर सगळेच हात सुंदर दिसत होते. म्हणून मी मॉनिटरकडे पाठ केली आणि मावशींच्या चेहऱ्याकडे बघत स्क्रू धरून बसलो.

तो तास मला अजून झोपेत आठवतो. काचेपलीकडे धुकं, धुक्यात एक म्हातारा चेहरा, त्यावर मॉनिटरचा निळसर उजेड. मावशींच्या डोळ्यांत बारीकसं चित्र हलताना दिसत होतं. डोळे बारीक झाले की मी स्क्रू कणभर आवळायचो. भुवया उंचावल्या की थांबायचो. तळहात खाली दाबला की सैल. आवाज बंदच ठेवला होता. अख्ख्या गल्लीत शब्द नव्हता. मला वाटलं, मीही ऐकू न येणाऱ्यांतला झालोय आणि यात काहीही कमी नाहीये.

मग मावशींचा हात थांबला. त्या सूचना द्यायच्या विसरल्या. पडद्यावरच्या मैत्रिणीला त्या उत्तर देत होत्या, मान हलवत, हसत, मधेच तिला अडवत. तीस वर्षांपूर्वीच्या नाताळला. मी स्क्रूला हात लावला नाही. फीत सळसळत राहिली. तुटली नाही.

संध्याकाळी शीला शाळेतून थेट आली. मी ती जागा लावून दिली. खुर्चीत एक गोल चेहऱ्याची बाई, डोक्यावर कागदी मुकुट. चेहरा सरळ. ती एकेका मुलाचं खुणेतलं नाव सांगत होती. ज्यांना ऐकू येत नाही ती माणसं प्रत्येकाला एक खूण देतात, तेच त्याचं नाव. हे मला नंतर कळलं. थोरल्याची खूण केली. मग शीलाची: चिमटीत स्वतःच्या कानाची पाळी धरली. कान स्पष्ट होता, कानातला मोतीही. मग दोन्ही हातांनी बाळ छातीशी धरल्याची खूण केली, आणि पुन्हा ती पाळी, जणू दुसऱ्या कुणाच्या चिमुकल्या बोटांनी ओढलेली.

बाहेर शीलाने आपला कान धरला.

मग फटीपाशी वाकून म्हणाली, "मला वाटायचं, मी आईचे कान होते म्हणून ते नाव. बँकेत, डॉक्टरकडे, दुकानात, सगळीकडे मलाच न्यायची. मी ऐकायचं, मी सांगायचं. पाच वर्षांची होते तेव्हापासून. कामावरून पडलेलं नाव, असंच धरून चालले. कधी कधी रागसुद्धा यायचा." तिने पडद्यावरच्या आईकडे बोट दाखवलं. "ती म्हणते आहे, दूध पिताना ही माझा कान घट्ट धरून ठेवायची. सोडायचीच नाही."

डेक्लन पाठमोरा होऊन काउंटर पुसू लागला. स्वच्छच होता तो.

नाताळला सगळी भावंडं जमली. एकाने विचारलं म्हणे, आवाज का येत नाही? शीलाने आवाज मुद्दाम बंद ठेवला होता. नव्या वर्षात पुन्हा सगळं बंद झालं, दुकानही. २०२१ च्या उन्हाळ्यात उघडलं तेव्हा मी परत कामावर गेलो. नोकरी आहे.

धडा म्हणाल तर दोन प्रश्नांचा. कॅसेट हातात आली की डेक्लन आता आधी विचारतो, "माळा की हॉट प्रेस?" आणि मी विचारतो, "यात तुम्हाला नक्की काय बघायचंय?" बहुतेक लोक म्हणतात, सगळंच. थोडं थांबलं की खरं सांगतात. एरवी आवाज ठीक आहे म्हणून चित्र खपून जातं, आणि चित्र बरं आहे म्हणून माणूस. मशीनला यातलं काही कळत नाही.

नोरामावशींनी मलाही एक नाव दिलंय. खालच्या ओठापाशी चिमूट आणून अर्धा वळसा. स्क्रू फिरवताना मी ओठ चावतो म्हणे. आता चढावरून जाताना त्या काचेसमोर थांबतात, माझं नाव घेतात आणि पुढे जातात. इथे महादेव कुणाला नीट म्हणता येत नाही, पण हे नाव त्या कधी चुकत नाहीत.

मी त्यांना विचारलं होतं, तुमची एखादी कॅसेट असेल तर द्या, मी करून देतो. त्यांनी मान हलवली. त्यांचं कुणी शूटच केलं नाही. जिथे कुठे त्या दिसतात, तिथे बोलणाऱ्याकडे कॅमेरा वळलेला आणि त्यांचे हात फ्रेमच्या कडेला कापलेले. मी मिरजेत शेकडो लग्नं शूट केली. मीही असंच केलं असतं.

मावशी, मला अजून तुमची भाषा धड येत नाही. शीलाकडून शिकतोय, दर शनिवारी, इडल्या घेऊन जातो. पण एक दिवस मी तुमच्या पुढच्या खोलीत कॅमेरा लावीन. स्टँडवर, झूम न करता. तुम्ही शाळेपासून सुरू करा, पाहिजे तेवढं बोला, मधे कुणी अडवणार नाही. तुमचे हात फ्रेमच्या बाहेर जाणार नाहीत, आणि ती कॅसेट मी हॉट प्रेसमध्ये ठेवणार नाही.